८०० मीटर गवत आणि दोन सायकली

मंदार: मंडळी, शनिवारी मी आणि मेघना आमच्या छोट्या विमानाने नव्या स्ट्रिपवर (गवताच्या धावपट्टीवर) जातोय, मुक्काम करून रविवारी दुपारी जेवून परत. ८०० मीटर गवत, उंची २००० फूट. विमानाच्या पुस्तकात टेक-ऑफ करून ५० फुटांचा अडथळा पार करायला ४०० मीटर दिलेत. म्हणजे जागा डबल आहे. तिथे पेट्रोल मिळतं, टाकी फुल करून निघू. कोण येतंय?

निखिल: डबल जागा तुला लागणारच. राइट बंधूंचं १९०३ चं पहिलं उड्डाण १२० फुटांचं होतं. मागच्या वेळी उतरताना फ्लेअर केल्यावर (टेकण्याआधी नाक उचलल्यावर) तू त्याच्या तिप्पट तरंगत गेलास 😂

मंदार: ग्राउंड इफेक्ट म्हणतात त्याला, जमिनीलगत पंखांना जास्त आधार मिळतो.

निखिल: अरे, ग्राउंड इफेक्टच कंटाळून निघून गेला, तेव्हा कुठे चाकं टेकली.

अण्णा: फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) स्पीड जास्त ठेवलास की तरंगणारच. १० टक्के जास्त स्पीड म्हणजे २१ टक्के जास्त अंतर, वर्गाचा हिशेब आहे. ते असो. मंदार, ४०० मीटर कुठल्या परिस्थितीतले आहेत ते पुस्तकात बघून सांग.

मंदार: समुद्रसपाटी, १५ अंश, कोरडा डांबरी रनवे, वारा शून्य, वजन ६०० किलो.

अण्णा: आणि रविवारी दुपारी?

मंदार: ३५ अंश म्हणतायत.

अण्णा: मग ४०० विसर.

प्राची: मी मांडून दाखवते. ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटीच्या सेफ्टी सेन्स पत्रकातले गुणक घेतलेत. तुझ्या विमानाच्या पुस्तकात स्वतःचे तक्ते असतील तर आधी ते.
दर १००० फुटांना १० टक्के, म्हणजे २००० फुटांना १.२१.
२००० फुटांवर स्टँडर्ड (प्रमाण वातावरणातलं) तापमान ११ अंश. तुझे ३५, म्हणजे २४ जास्त. दर १० अंशांना १० टक्के धरून साधारण १.२५.
कोरडं गवत १.२.
हे सगळं गुणायचं, बेरीज करायची नाही. १.८ च्या वर जातं. ४०० चे झाले ७२६ मीटर.

मंदार: मग ८०० मध्ये बसतंय की!

प्राची: पुढे वाच ना. त्यावर सुरक्षेसाठी १.३३ लावायचं. ९६५ मीटर.

निखिल: उरलेले १६५ मीटर शेजारच्या शेतातून घे. पीक काय आहे विचारून ठेव.

मंदार: १.३३ कशाला पण? एवढं गुणून झालंच आहे.

सुहासकाका: कारण पुस्तकातलं विमान नवंकोरं होतं आणि चालवत होता टेस्ट पायलट. तुझ्या प्रॉपेलरच्या पुढच्या कडेवरून एकदा बोट फिरव. खड्यांनी किती टवके उडालेत ते कळेल. टायरमध्ये हवा कमी, पंखांवर चिकटलेले किडे, ब्रेक जरासा धरतोय, गवत घोट्याच्या वर. यातलं काहीच त्या तक्त्यात नसतं.
आणि उन्हाळ्याची गंमत अशी की विरळ हवा तीन ठिकाणी कापते. इंजिनाला हवा कमी म्हणून ताकद कमी. प्रॉपेलरला पकडायला हवा कमी म्हणून ओढ कमी. आणि पंखाला तेवढीच लिफ्ट (वर उचलणारं बल) मिळवायला खरा वेग जास्त लागतो. आपल्या रोटॅक्स इंजिनाचे कार्ब्युरेटर उंचीप्रमाणे मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) आपोआप जुळवून घेतात, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की ताकदही टिकते. मिक्श्चर जुळतं, ताकद नाही टिकत.

प्राची: डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून काढलेली उंची) पण सोपी आहे. स्टँडर्डच्या वर दर अंशाला १२० फूट. २४ गुणिले १२० म्हणजे २८८०. स्ट्रिप २००० फुटांवर, पण विमानाच्या हिशेबी ते जवळजवळ ४९०० फुटांवर उभं आहे.

अण्णा: इथेच नवी मंडळी फसतात. विमान उचलताना स्पीड मीटरवर ४५ नॉट नेहमीसारखेच दिसतात, पण जमिनीवरून तुम्ही ४८-४९ ने पळत असता. झाडं भराभर जवळ यायला लागली की हात आपोआप स्टिक मागे खेचतो. मीटर बघा, झाडं नको. घाईने उचललेलं विमान ग्राउंड इफेक्टमध्ये उडतं आणि त्यातून बाहेर पडलं की चढायचं नाव घेत नाही.

निखिल: अण्णा सकाळी सकाळी घाबरवतायत.

अण्णा: सकाळीच घाबरलेलं बरं.

प्राची: मंदार, ६०० किलो म्हणजे कमाल वजन. तुम्ही प्रत्यक्षात किती भरताय?

मंदार: रिकामं विमान ३४०, मी ७८, मेघना ६२, पेट्रोल १०० लिटर म्हणजे ७२ किलो, सामान ४०. एकूण ५९२. मर्यादेत आहे.

मेघना: थांबा. याला आत्ता काट्यावर उभा केलाय. ८६.

निखिल: 😂😂😂

मंदार: बूट घातले होते.

मेघना: आठ किलोचे बूट?

सुहासकाका: मंदार, मेडिकलच्या वेळी सांगितलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत विमान काटाच मानतं. आता बरोब्बर ६००.

अण्णा: ते राहू दे, ४० किलो सामान ठेवणार कुठे? सीटच्या मागे? तिथली पाटी वाच.

मंदार: २५ किलो लिहिलंय 😐 घडीच्या सायकली आहेत दोन, फिरायला. १२-१२ किलो. बाकी बॅगा.

अण्णा: मग एकूण वजनाच्या आधी हीच अडचण आहे. मागचा भार वाढला की सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) मागे सरकतो. नाक हलकं लागतं, स्टिक मऊ लागते, सगळं छान वाटतं. पण स्टॉल झाला (पंखांची लिफ्ट तुटली) तर नाक खाली यायला मागत नाही. वजन ६०० च्या आत असून सीजी मर्यादेबाहेर असू शकतो. तक्त्यात बिंदू टाकून बघ, एकदा भरल्या टाकीने आणि एकदा रिकाम्या टाकीने, दोन्हीकडे आत यायला हवा.

मेघना: सायकली घरी राहतील. मी तेव्हाच म्हटलं होतं.

मंदार: घडीच्या आहेत गं, जागा लागत नाही.

मेघना: वजनाला घडी पडत नाही ना पण.

निखिल: मेघना वहिनींना अ‍ॅडमिन करा.

प्राची: आता पेट्रोल. जाऊन येऊन किती वेळ?

मंदार: दीड तास जायला, दीड यायला. ताशी १८ लिटर.

प्राची: म्हणजे एका बाजूला २७. घरचा रनवे लांब आणि डांबरी आहे. तर घरूनच ८७-९० लिटर घेऊन निघ. तिथे पोचल्यावर ६० च्या आसपास उरेल, परतीला २७ गेले तरी घरी उतरताना ३३ शिल्लक, पावणेदोन तासांच्या वर. तिथे काही भरायचंच नाही.

सुहासकाका: मला हे आवडलं, आणि फक्त वजनासाठी नाही. अनोळखी कॅनमधलं पेट्रोल मी शक्यतो टाळतो. त्यात इथेनॉल किती, कॅन किती दिवस उघडा होता, काही कळत नाही. इथेनॉल पाणी शोषून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून वेगळे होऊन तळाला बसतात. टाकीतून बाहेर जाणारी नळी तळाशीच. घ्यायचंच झालं तर भरल्यावर जरा वेळ थांबून टाकीच्या तळातून थोडं ड्रेन करा.
आणि बाटलीत काढलेला नमुना नुसता स्वच्छ दिसला म्हणजे झालं असं नाही. पूर्ण बाटली पाण्याची असेल तर मधली रेघच दिसणार नाही, सगळं एकसारखं नितळ दिसेल. रंग आणि वास बघायचाच.

प्राची: तर रविवारसाठी: पेट्रोल ६० लिटर म्हणजे ४३ किलो. सामान १० किलो. एकूण ५४१. जवळपास १० टक्के वजन उतरलं. पत्रकाप्रमाणे १० टक्के वजन वाढलं तर अंतर २० टक्के वाढतं, म्हणून उलटं १.२ ने भागते. आणि दुपारऐवजी सकाळी निघा. २० अंशांना तापमानाचा गुणक १.१ वर येतो. सगळं मिळून, १.३३ सकट, ७०८ मीटर.

मंदार: आलं की नाही ८०० च्या आत!

सुहासकाका: सकाळी गवतावर दव असतं, प्राची.

प्राची: अरे हो, बरोबर. ओलं गवत १.३. मग ७६७.

निखिल: शेतकरी वाचला, ३३ मीटरनी.

अण्णा: ३३ मीटर म्हणजे काही नाही. मागून वारा असेल तर संपलं. लिफ्ट-ऑफ स्पीडच्या १० टक्के, म्हणजे तुझ्या बाबतीत साडेचार नॉट मागून आले की अंतर २० टक्के वाढतं. साडेचार नॉटला विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी पिशवी) जेमतेम हलतो, लक्षातही येत नाही. चढही बघ, २ टक्के चढ म्हणजे आणखी १० टक्के. शनिवारी उतरल्यावर स्ट्रिप पायी चालून ये. खड्डे, मऊ जागा, बिळं, सगळं तेव्हाच दिसतं.

प्राची: दव उडेपर्यंत थोडं थांबा, पण ऊन तापायच्या आत निघा. जरा थांबून तापमान ५-६ अंश वाढलं तरी कोरड्या गवताचा फायदा त्यापेक्षा थोडा जास्तच आहे.

अण्णा: आणि ४०० मीटरवर कडेला एक झेंडा रोव. तिथे पोचताना उड्डाणाच्या स्पीडच्या ७० टक्के हवेत. ४५ चे ७० टक्के, म्हणजे ३२ नॉट. नसतील तर थ्रॉटल बंद, ब्रेक, परत ये.

निखिल: ७० टक्केच का अण्णा? ६० ला काय होतं?

अण्णा: ०.७ चा वर्ग ०.४९. अर्ध्या स्ट्रिपमध्ये निम्मी ऊर्जा जमा झाली, तर उरलेल्या अर्ध्यात उरलेली जमेल. ६० टक्के म्हणजे ०.३६, एक तृतीयांशाच्या जरा वर. शिवाय हा नियम चाकं उचलण्यापुरता आहे, झाडं त्यात धरलेली नाहीत.

मेघना: झेंडा आला की आकडा मी मोठ्याने वाचणार. ३२ च्या खाली असला की मी “बंद” म्हणेन, आणि याने वाद घालायचा नाही.

सुहासकाका: उत्तम. वाद घालेपर्यंत स्ट्रिप संपते.

निखिल: विमान रात्रभर उघड्यावर राहणार ना? पिटॉटला (स्पीड मोजणाऱ्या नळीला) कव्हर घाल. कुंभारीण माशीला ती नळी म्हणजे तयार घर. एका रात्रीत चिखल भरून ठेवते.

सुहासकाका: निखिल पहिल्यांदा कामाचं बोलला. टेक-ऑफची धाव सुरू झाली की पहिल्या काही सेकंदांत स्पीडचा काटा हलतोय का ते बघायचंच. नाही हलला तर तिथेच थांबायचं. काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आतही टॉर्च मारून बघ, पाखरं फार लवकर काड्या आणून टाकतात.
आणि ऑइल बघण्याआधी रोटॅक्सला ढेकर द्यायला लाव. इग्निशन बंद, किल्ली खिशात, प्रॉपेलर त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच हाताने फिरव, उलटा नाही. ऑइलच्या टाकीतून गुडगुड आवाज आला की मग डिपस्टिक. त्याआधी ऑइल इंजिनातच बसलेलं असतं आणि टाकीत कमी दिसतं. मग लोक वरून ओतत बसतात. स्विच बंद असला तरी प्रॉपेलरला चालू समजूनच हात लावायचा, वायर कुठे तुटली असेल सांगता येत नाही.

मंदार: ढेकरची युक्ती मेघनाला भारी आवडली होती. ती म्हणते विमानात एवढं एकच खरं सांगतं.

अण्णा: शेवटचं. चढताना इंजिन बंद पडलं तर नाक खाली आणि सरळ समोर, फार तर थोडं डावी-उजवी. मागे वळायचं नाही. ६० अंशांच्या बँकमध्ये (पंख एका बाजूला कलवून घेतलेल्या वळणात) उंची टिकवायला गेलास तर स्टॉल स्पीड ४१ टक्के वाढतो आणि तुझ्याकडे उंची नसते. समोर कुठलं शेत घेणार ते स्ट्रिप चालताना ठरव, आणि निघायच्या आधी मेघनासमोर मोठ्याने म्हण.

निखिल: म्हणजे शेतकऱ्याला शेवटी विचारायचंच.

अण्णा: हो, पिकाची उंचीही.

मंदार: ठरलं. सायकली नाहीत, तिथे पेट्रोल नाही, दुपारचं जेवण नाही. सकाळी दव उडालं की निघतो. वारा मागून असला तर दुसऱ्या टोकाकडून, आणि मनासारखं नसलं तर आणखी एक मुक्काम.

प्राची: सोमवारची रजा आत्ताच टाकून ठेव. ऑफिसला पोचायचं आहे म्हणून निघायला नको.

सुहासकाका: घरी किती वाजेपर्यंत मेसेज नाही आला तर आम्ही फोनाफोनी सुरू करायची? इथेच लिहा.

मंदार: साडेअकरा.

मेघना: बारा लिहा. आणि मेसेज मी टाकेन, हा उतरला की हँगरमध्ये गप्पा मारत बसतो.