मदत हवी आहे: अण्णांच्या थुंकीत रक्त, आज रात्रीच निघू का?

रेणापूरकर: अण्णांना दहा दिवसांपासून खोकला, परवापासून थुंकीत रक्त पडायलंय. टीबी म्हणून लातूरला दोनदा थुंकी तपासली, निगेटिव्ह. आज दुसरे डॉक्टर म्हणाले, लसीनंतर क्वचित होणारा फुप्फुस आणि किडनीचा आजार असू शकतो, पुण्याला न्या. रात्रीच निघू का सकाळी? लवकर सांगा.

माजलगावची लेक: कोणती लस? कधी घेतली? वय? किडनी किती बिघडली ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन किती? लघवी तपासली का?

रेणापूरकर: वय 61. फ्लूची लस, तीन आठवडे झाले. क्रिएटिनिन 4.8, चार दिवसांपूर्वी 2.1 होतं. लघवी कोऱ्या चहासारखी.

परभणीकर काका: पुनर्नवाचा काढा द्या. माझ्या मेव्हण्याचं क्रिएटिनिन त्यानंच उतरलं. लस घ्यायलाच नको होती.

माजलगावची लेक: काका, पाया पडते, आत्ता काढा सांगू नका. माझ्या भावाला हेच झालं होतं, त्यानं कसलीच लस घेतली नव्हती. बिडी ओढायचा. अँटी-जीबीएम म्हणतात. आपल्याच शरीरातली अँटीबॉडी किडनीच्या गाळणीवर आणि फुप्फुसाच्या पडद्यावर तुटून पडते. वर्षाला दहा लाखांत एखाद्याला होतो. अण्णा बिडी ओढतात का?

रेणापूरकर: चाळीस वर्षांपासून.

परभणीकर काका: मग डॉक्टर लसीचं नाव का घ्यायलेत?

नांदेडचा टेक्निशियन: लसीनंतर हा आजार झाल्याच्या मोजक्या नोंदी आहेत, पण लसीनंच झाला हे सिद्ध झालेलं नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना जरूर कळवा, पण ते नंतर. मी डायलिसिसवर काम करतो म्हणून सांगतो, सकाळची वाट बघू नका. क्रिएटिनिन साधारण 5.7 च्या आत असताना उपचार सुरू झाले तर किडनी वाचायची आशा चांगली असते, एकदा डायलिसिस लागलं की ती फार कमी उरते. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला ती अँटीबॉडी असलेला पातळ भाग, बदलणं, स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोफॉस्फामाइड, तिन्ही सोबत लागतात. प्लाझ्मा बदलायची सोय आहे का ते आधी फोनवर विचारा. पोचल्याबरोबर अँटी-जीबीएम आणि आन्का (असाच आजार करणारी दुसरी अँटीबॉडी) तपासायला सांगा.

औसेकर: मुरूड, येडशी, बार्शी, टेंभुर्णी असं जा. सोलापूरवरून लांब पडतं.

परभणीकर काका: रात्री बार्शीचा रस्ता नको, सोलापूरवरून हायवे सरळ आहे.

माजलगावची लेक: रस्ता राहू द्या हो! दादा, रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या, जनआरोग्य योजनेला लागतं.

रेणापूरकर: निघालो. अण्णा मागच्या सीटवर बसूनच आहेत, आडवं झालं की दम लागायलाय.

रेणापूरकर (तीन दिवसांनी): अँटी-जीबीएम पॉझिटिव्ह. प्लाझ्मा त्याच दिवशी सुरू केला, काल दुसरी पाळी झाली. आज सकाळी खोकले तेव्हा रुमाल पांढराच होता, मी दोनदा उलटून बघितला. क्रिएटिनिन 5.3. रक्तपेढीवाले बदली रक्तदाते मागायलेत. पुण्यात आपल्याकडचं कुणी आहे का?

माजलगावची लेक: माझा दीर हडपसरला आहे, उद्या दोघा मित्रांना घेऊन येतो. दादा, दवाखाना कोणता ते परत राहिलंच. व्यक्तिगत निरोप करा.