‘वस्तरा’ला ‘सरळ’ कशाला?

प्रश्न

मी जुने आणि हाती घडवलेले स्ट्रेट रेझर जमवतो आणि रोजची दाढीही त्यांनीच करतो. त्यांच्याविषयी मराठीत सविस्तर लिहायला घेतलंय आणि पहिल्याच वाक्यात अडलोय. वाक्य असं आहे: ‘हा माझा हस्तनिर्मित सरळ वस्तरा, ओल्या दाढीसाठी बनवलेलं याचं पोकळ पातं ६/८ इंच रुंद आहे.’ चूक दाखवता येत नाही, पण वाचताना दाताखाली खडा येतो. काय बदलावं? आणि ‘वस्तरा’ हा शब्द मूळचा कुठला?

प्रतिसाद

खडा येणारच, कारण वाक्यातले शब्द मराठी असले तरी जोडणी इंग्रजी आहे. माझं मत आधी सांगतो: ‘सरळ’ काढून टाका, नुसतं ‘वस्तरा’ लिहा.

इंग्रजीतसुद्धा पूर्वी नुसता ‘रेझर’ म्हटलं की हीच वस्तू डोळ्यांपुढे यायची. किंग जिलेट यांना बदलत्या पात्याच्या रेझरचं पेटंट १९०४ मध्ये मिळालं. पुढे तो रेझर घरोघर गेला, ‘रेझर’ हे नावच त्याचं झालं आणि जुन्या वस्तूला ओळख पटवण्यापुरतं ‘स्ट्रेट’ हे विशेषण लावून घ्यावं लागलं. मराठीत असं काही घडलं नाही. नवी वस्तू ‘रेझर’ हे आपलं नाव बरोबर घेऊनच आली आणि ‘वस्तरा’ आपल्या जागी राहिला. जे विशेषण आपल्याला कधी लागलं नाही ते उसनं कशाला आणायचं? शिवाय ‘सरळ वस्तरा’ म्हटलं की वाचकाला वाटणार, वाकडाही असतो की काय. तुमचा तर मिटणारा आहे, आणि अशा वस्तऱ्यांची धार पुष्कळदा किंचित बाकदारही असते.

आता मूळ. ‘वस्तरा’ फारसीतून आला. तिकडे ‘उस्तुरा’, हिंदी-उर्दूत ‘उस्तरा’. मराठीच्या तोंडी आरंभीच्या ‘उ’चा ‘व’ झाला. हे एकट्या वस्तऱ्याच्या बाबतीत झालेलं नाही. ‘उस्ताद’चा आपण ‘वस्ताद’ केला तो असाच. दोन्ही शब्द इतके मुरलेत की त्यांच्यावर परकेपणाची खूणही उरलेली नाही.

संस्कृत शब्द ‘क्षुर’. त्याचं वय मोठं आहे: वेदात तो आहे, आणि ग्रीक भाषेतला वस्तऱ्याचा जुना शब्द ‘क्सुरॉन’ हा त्याचा सख्खा भाऊ. ‘क्षुरस्य धारा निशिता दुरत्यया’ ही कठोपनिषदातली ओळ पुष्कळांच्या कानावरून गेलेली असते. अर्थ सांगताना मात्र आपण हटकून ‘तलवारीची धार’ म्हणतो. मुळात तिथे वस्तरा आहे, आणि तो साधासुधा नाही, ‘निशित’ म्हणजे नुकताच दगडावर लावलेला आहे. धार लावणाऱ्या माणसाला त्या एका विशेषणाचं मोल कळेल.

‘क्षुर’वरून ‘क्षौर’, म्हणजे हजामत, हा शब्द झाला. आणि ‘क्षुरप्र’वरून काय झालं, सांगा. खुरपं! संस्कृतात क्षुरप्र म्हणजे वस्तऱ्यासारख्या धारेचा बाण, तसंच तण काढायचं अवजारही. गालावरचे खुंट काढणारा आणि वाफ्यातलं तण काढणारं, दोघांच्या नावांत हे नातं निघालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

‘हस्तनिर्मित’ चुकीचं नाही, पण ते कागदाला, साबणाला शोभतं. लोखंड घडवतात. ‘हाती घडवलेला वस्तरा’ म्हणा; त्यात ऐरण आणि हातोडा ऐकू येतात.

‘ओली दाढी’ मात्र नकोच. मराठीत ओली दाढी म्हणजे पावसात भिजलेली दाढी. पाण्याने केलेल्या दाढीसाठी आपल्याला वेगळा शब्द लागत नाही, याचा पुरावा भाषेतच आहे: ‘बिनपाण्याने हजामत करणे’. एखाद्याची यथेच्छ खरडपट्टी काढली की आपण हे म्हणतो. जी गोष्ट पाण्याशिवाय करणं हीच शिक्षा मानली गेली, ती मुळात पाण्यानेच करायची असते. दाढीचा केस पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजवलेला केस कोरड्यापेक्षा खूपच कमी जोरात कापला जातो. म्हणून ‘साबण-ब्रशने फेस करून दाढी’ असं सरळ लिहावं, नाहीतर नुसतं ‘दाढी’.

त्या वाक्प्रचारातल्या ‘हजामत’चीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अरबीत तो शब्द तुंबड्या लावून रक्त काढण्याचा. तुंबड्या लावणारे हातच दाढीही करत, म्हणून शब्द एका कामावरून दुसऱ्यावर सरकला. ‘श्मश्रू’चं तर उलटंच झालं. संस्कृतात श्मश्रू म्हणजे दाढी-मिशा. मराठीत ‘श्मश्रू केली’ म्हणजे त्या उतरवल्या. ‘दाढी करणे’ही तसंच. दाढी ठेवली, दाढी वाढवली म्हणजे ती आहे; दाढी केली म्हणजे ती गेली. परभाषिकाला हे समजावून सांगताना पाच मिनिटं तरी जातात.

आणि ‘भादरणे’. आज तो शब्द ओबडधोबड वाटतो, वेडेवाकडे केस कापले की ‘भादरलं’ म्हणतो. मूळ संस्कृत ‘भद्राकरण’, म्हणजे भद्र करणं, शुभ आणि देखणं करणं. शब्दाची अशी उतरण लागलेली पाहून वाईट वाटतं.

दुसरा प्रतिसाद

सगळं पटलं, एक सोडून. आज ‘वस्तरा’ म्हटलं की बहुतेकांना अर्धं ब्लेड अडकवायचा, मिटणारा दांडा आठवतो. लेखात नुसतं ‘वस्तरा’ लिहिलं तर वाचक तोच समजेल. मग फरक कसा दाखवायचा?

प्रतिसाद

मुद्दा खरा आहे. माझा आग्रह इतकाच की विशेषण नव्याला लावा. त्याला ‘ब्लेडचा वस्तरा’ म्हणा, आणि ज्याला स्वतःची धार आहे तो वस्तरा. लेखात अगदी गरज पडली तर एकदाच ‘धार लावून वापरायचा वस्तरा’ असं सांगून मोकळं व्हावं. हा फरक नुसत्या नावाचा नाही. ब्लेड बोथट झालं की टाकून देतात. वस्तरा बोथट झाला की लावतात.

आता ‘पोकळ पातं’. माझ्या मते तुमच्या वाक्यातली सगळ्यांत मोठी चूक ही. पोकळ म्हणजे आत रिकामं: पोकळ बांबू, पोकळ आश्वासन. वस्तऱ्याचं पातं आत रिकामं नसतं. गोल फिरणाऱ्या सहाणेवर दोन्ही बाजूंनी घासून त्याचं पोट खोल नेलेलं असतं, त्यामुळे पाठ जाड राहते आणि धारेपाशी पातं इतकं पातळ होतं की नखाने टिचकी मारली तर किणकिणतं. याला ‘खोलगट घासलेलं पातं’ म्हणा. ज्याची बाजू सपाट, पाचरीसारखी निमुळती, ते ‘पाचरी पातं’.

अवयवांसाठी शब्द शोधायला लांब जावं लागत नाही. पाठ, पोट, धार, टोक, टाच, मान, शेपूट. सगळं शरीरातलंच आहे. मान म्हणजे पात्यामागचा बोटं टेकवायचा भाग, आणि शेपूट म्हणजे करंगळी अडकते ते वळलेलं टोक. अडचण येते ती मुठीची. तुम्ही ‘मूठ’ लिहिलं नाहीत हे बरं केलंत, कारण वस्तरा मुठीत धरतच नाहीत. बोटं मानेवर असतात. बाजूचे दोन लांब तुकडे मिटल्यावर पात्याला म्यानासारखे झाकतात आणि उघडल्यावर तोल सांभाळतात. मी त्यांना ‘पट्ट्या’ म्हणतो: शिंगाच्या पट्ट्या, लाकडाच्या पट्ट्या. ज्याच्याभोवती पातं फिरतं तो खिळा.

धातूसाठी ‘पोलाद’ आहेच, तोही फारसीतून आलेला. पण जुना मराठी शब्द ‘तिखे’. तीक्ष्णपासून आलेला, म्हणजे ज्याला धार धरता येते ते लोखंड. संग्राहकांच्या लेखनात हा शब्द परत यावा असं मला फार वाटतं. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने १७४० च्या दशकात इंग्लंडमधल्या शेफील्डजवळ मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली, ती घड्याळाच्या कमानींसाठी. वस्तऱ्यांना तिचा फायदा झाला, कारण मळी गेलेल्या, एकजीव तिख्यावर धार सलग बसते. झोलिंगेन या पात्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मन शहराचं नाव तर इतकं मोलाचं ठरलं की ते कोणत्या मालावर घालता येईल यासाठी जर्मनीत १९३८ साली कायदा झाला. तुमच्या वस्तऱ्याच्या मानेवर ते कोरलेलं असेल तर लेखात जरूर सांगा.

वस्तऱ्याच्या तिख्यात साधारण एक टक्का कर्ब असतो. ते लाल तापवून झटकन निववलं की काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. मग सुमारे २०० अंश सेल्सिअसवर पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा काढतात. या सगळ्याला मराठीत ‘पाणी देणे’ म्हणतात. पुष्कळ पोलादं आज तेलात निववतात. तरी मी ‘पाणी’च म्हणतो, कारण ‘पाणीदार’ शब्द तिथूनच चमकतो.

तिसरा प्रतिसाद

एक शुद्धलेखनाचं. ‘वस्तरा’चं सामान्यरूप ‘वस्तऱ्या’, तिथे र अर्धा आणि वर रफार नाही. ‘वस्तर्या’ असं लिहू नये. वाऱ्याने, दोऱ्याने, वस्तऱ्याने. आणि ‘होनिंग’ (दगडावर घासणं) व ‘स्ट्रॉपिंग’ (चामड्याच्या पट्ट्यावर फिरवणं) या दोन्हींना ‘धार लावणे’ चालेल का?

प्रतिसाद

चालणार नाही, आणि यावर मी अडून बसेन. दगडावर धार लागते, चामड्याच्या पट्ट्यावर ती नुसती सरळ होते. दगड धातू काढतो, चामडं जवळजवळ काढत नाही. दाढी करताना धारेची अतिसूक्ष्म कड इकडेतिकडे वळते, ती पट्टा पुन्हा रांगेत आणतो. म्हणून दगडाचं काम महिन्यांतून एखाद्या वेळी आणि पट्ट्याचं रोज. दगडासाठी ‘वस्तरा लावणे’, ‘पाजळणे’. चामड्यासाठी ‘पट्ट्यावर फिरवणे’.

दिशाही उलट. दगडावर धार पुढे, पाठ मागे. पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे ओढत आणायची, आणि टोकाला आल्यावर वस्तरा पाठीवरून उलटवायचा. पहिल्या आठवड्यात मी तो एकदा धारेवरून उलटवला. चांगल्या जाड चामड्याला बोटभर लांब, तिरपी चीर पडली आणि धारही गेली. त्या दिवशी ‘पाठ’ हा शब्द मला कळला. नवशिक्यासाठी लिहिताना ‘फिरवा’ एवढंच लिहू नका, ‘पाठीवरून उलटवा’ लिहा.

दगडाला ‘निसणा’ हा छान जुना शब्द आहे, आणि ‘निशित’शी त्याचं नातं उघड आहे. ‘कुरुंद’ही लक्षात असू द्या. इंग्रजीतला ‘कोरंडम’ तमिळमधून तिकडे गेला, तोच हा दगड. १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे कणांच्या बारीकपणाचा आकडा) खरखरीत दगडापासून १२००० च्या गुळगुळीतापर्यंत जाताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली ठेवायची, म्हणजे कोन आपोआप सांभाळला जातो. वस्तऱ्याची पाठ जाड ठेवतात ती यासाठीही.

दगडावर पाणी शिंपडून वस्तरा पुढे ढकलला की आधी धारेपुढे पाण्याची बारीक लाट पळते. धार नीट बसत आली की ती लाट पुढे पळायची थांबते आणि पात्यावर चढते, टाचेपासून टोकापर्यंत एकसारखी. टोकाकडे चढली नाही तर समजायचं, तिथे अजून धार दगडाला लागत नाही. हे बघायला मी दिवा मुद्दाम बाजूला ठेवतो.

राहिलं ते माप. ६/८ इंच म्हणजे काय, ते मराठीत सरळ सांगता येतं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. सुतार आणि गवंडी रोज म्हणतात. वस्तऱ्याची रुंदी जगभर याच आठव्या भागांत मोजतात, आणि त्याचं नाव आपल्याकडे तयार आहे. पाच सुती, सहा सुती, आणि पुरा इंच असेल तर आठ सुती.

प्रश्नकर्ता

वाक्य पुन्हा लिहिलं: ‘हा वस्तरा हाती घडवलेला आहे. पातं सहा सुती, खोलगट घासलेलं, पट्ट्या शिंगाच्या. तिख्याला पाणी इतकं छान दिलंय की एकदा निसण्यावर लावला की महिनोन्महिने नुसत्या पट्ट्यावर चालतो.’

प्रतिसाद

‘इतकं छान’ काढा. बाकी एका अक्षरालाही हात लावू नका.