वेष्टनाआधी वीज आणि खरेदी

नवा व्यवसाय पर्यावरणपूरक कसा करावा, या प्रश्नावर कंपोस्ट होणारे (म्हणजे कुजून खत होणारे) वेष्टन वापरण्याचा सल्ला दिला जातो. तो वाईट नाही, परंतु सुरुवात तेथून करावी, असे मला वाटत नाही. मका किंवा उसापासून बनवलेल्या पीएलए प्लास्टिकचे नीट विघटन होण्यासाठी साधारण ५८ ते ६० अंश सेल्सिअस तापमान अनेक आठवडे टिकवणारा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प लागतो; घरच्या खतखड्ड्यात पीएलएचा पेला दीर्घकाळ जसाच्या तसा राहतो आणि पेट प्लास्टिकच्या (ज्याच्या पाण्याच्या बाटल्या बनतात) भंगारात मिसळला, तर पुनर्वापराच्या मालाची प्रतही घसरवतो. ग्राहकांच्या आसपास असा प्रकल्प नसेल, तर आपण जादा पैसे मोजून केवळ हिरवे लेबल विकत घेतो (आणि पुढे तेच लेबल ग्राहकाला विकतो). त्यापेक्षा खोके वस्तूच्या बेताचे घ्यावे, म्हणजे आत कोंबायचे भरण वाचते आणि एका खेपेत अधिक माल जातो.

विजेबाबत एक सोपी तपासणी सुचवतो. काम बंद करताना आणि सकाळी उघडताना मीटरची नोंद घ्यावी; शीतपेटीसारखी अखंड चालणारी यंत्रे वगळून जो आकडा उरतो, तो कोणाच्याही उपयोगी न पडलेल्या विजेचा असतो. सौर पॅनेलचा विचार त्यानंतर करावा.

मात्र बहुतेक छोट्या व्यवसायांचा पर्यावरणावरचा मोठा भार विकत घेतलेल्या मालात आणि त्याच्या वाहतुकीत असतो. म्हणून पहिली मोठी मागणी नोंदवण्याआधीच पुरवठादाराला रिकामी खोकी परत घेण्याची अट घालावी. एकदा व्यवहाराची घडी बसल्यावर ही अट मान्य करून घेणे अवघड जाते.