माल वाहणारा हमाल किती दोषी? (शेखाडी, १९९३)

रोठा_सुपारी:
गणपतीला गावी होतो. दिवेआगरहून श्रीवर्धनला किनाऱ्याच्या रस्त्याने येताना शेखाडीला पाहुण्यांनी फोटोसाठी गाडी थांबवायला लावली आणि मागून काका सहज बोलून गेले, इथंच उतरलेला तो माल, ९३ च्या मुंबई स्फोटांचं आरडीएक्स. गाडीत सगळे गप्प. घरी मग वाद. आत्या म्हणते गोणी वाहणारे गरीब, त्यांना वाटलं नेहमीसारखी तस्करीची चांदी, रात्रीचे चार पैसे सुटतायत, १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मरणार हे त्यांना काय ठाऊक. काका म्हणतात चोरटा माल आहे हे तर ठाऊक होतं ना! मला दोघांचं पटतंय, तोच घोळ आहे. तुम्हाला काय वाटतं? प्लीज हिंदू-मुस्लिम नको.

काळा_कोट_महाड:
टाडा (दहशतवादविरोधी कायदा) कोर्टाने १०० जणांना दोषी धरलं, २३ सुटले. कुणाला काय माहीत होतं यावर बरंच अवलंबून होतं, सगळ्यांना एका मापाने मोजलं नाही. पण हमालावर काय बोलताय? जानेवारीत दिघीला उतरलेला माल पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवला होता आणि पैसे ठरवून सोडला, रोकड कमी पडली म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या. गोणीत काय आहे हे बघणं हेच ज्याचं काम, त्याने न बघण्याचे पैसे घेतले. माझ्या लेखी तो पहिला.

भरतीओहोटी:
धर्म वगळून हा विषय अर्धाच राहील दादा. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी पाडली, त्यानंतर मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीत दंगली, श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवले, त्यात मुसलमान जास्त. त्याचा सूड म्हणून हे स्फोट केले. कारण खरं आहे, पण वरळीला सेंच्युरी बाजारपाशी बॉम्ब फुटला तिथे बसमध्ये तिकीट काढून बसलेल्याने कुणाचं घर जाळलेलं? कारण सांगितलं की लोकांना वाटतं आपण बाजू घेतोय, म्हणून कुणी बोलतच नाही.

हर्णैचा_तांडेल:
एक सांगतो. चांदीची वीट लहान आणि जड, खांद्याला लगेच कळतं. गोणीचं वजन वेगळं, आवाज वेगळा. ही चांदी नाही हे हमालाला नक्की कळलं असणार, फक्त त्या धंद्यात विचारायचं नसतं.
आणि २६/११ ला उलट झालं बघा. अतिरेक्यांनी कुबेर या मच्छीमार बोटीच्या खलाशांना मारलं, तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) मुंबईपर्यंत बोट हाकायला ठेवलं आणि मग त्यालाही मारलं. ते दहा जण कफ परेडला उतरले तेव्हा आमच्याच कोळ्यांनी हटकलं होतं, कोण तुम्ही, कुठले. विचारलं तरी १६६ गेलेच म्हणा. आता दर फेरीला आमचीच कार्डं तपासतात, खलाशी मोजतात, डिझेल जळतं ते वेगळं.

रोठा_सुपारी:
तांडेल, तुमचं आत्ता काकांना वाचून दाखवलं. म्हणाले बरोबर आहे, वीट तीस किलोच्या आसपास भरते, दोन घेतल्या तर वाळूत पाय रुततो.
आत्या उठून चहा ठेवायला गेली. मीही पुढे काही विचारलं नाही.