हॉटेलच्या किचनमधले प्रेमाचे सिनेमे आणि तुमचे अनुभव

परवा रात्री परत एकदा 'चीनी कम' बघितला. 2007 चा आहे, बहुतेकांनी बघितलाच असेल. लंडनमधलं इंडियन रेस्टॉरंट, 64 वर्षांचा तापट शेफ अमिताभ, 34 वर्षांची तब्बू, आणि सगळं सुरू होतं एका परत आलेल्या जाफरानी पुलावावरून. हा तणतणत बाहेर येतो, तिला चार शब्द ऐकवतो, मग ती स्वतःच्या हातचा पुलाव पाठवते आणि याला कळतं की आपल्याच किचनमध्ये मिठाऐवजी साखर पडलेली. तिथे त्याचा चेहरा जो उतरतो ना, तो बघायला मी हा सिनेमा लावते.

माझ्या सासऱ्यांची सांगलीत खानावळ होती. रात्री साडेदहाला शेवटचा मेंबर उठला की सासरे स्वतः चुलीपाशी बसायचे आणि शेवटची भाकरी निखाऱ्यावर फुगवून थेट सासूबाईंच्या ताटात टाकायचे, दिवसभरात दोघं एकमेकांशी 'आमटी किती राहिली', 'भात टाका' एवढंच बोललेले असायचे पण ती भाकरी एकदाही चुकली नाही. ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली. असे सिनेमे बघताना मला ते दोघं दिसतात.

तुम्ही हॉटेलात काम केलंय का, किंवा असा एखादा सिनेमा बघून काही आठवलं का? मोकळेपणाने लिहा, मोठं झालं तरी चालेल.

हॉट किचनवाली

ताई, धागा काढलात बरं केलंत. माझा सिनेमा 'रॅटाटुई', तोही 2007 चाच. लोक त्यातल्या स्वयंपाक करणाऱ्या उंदरासाठी बघतात, मी कोलेट नावाच्या शेफसाठी. सगळ्या किचनमध्ये ती एकटी बाई, आणि नव्या पोराला शिकवताना आधी जागा स्वच्छ ठेव, हात अंगाजवळ ठेव म्हणून दमात घेते. पाव चांगला झालाय की नाही हे ती कवचाच्या आवाजावरून सांगते तो सीन मी ट्रेनिंगला असताना कितीतरी वेळा बघितला असेल.

मी पुण्यात एका मोठ्या हॉटेलात ट्रेनी होते, हॉट किचनमध्ये, म्हणजे गरम पदार्थ होतात त्या विभागात, मुलगी मी एकटीच. रोज कुणीतरी सांगायचं, बेकरीत जा, तिथे मुली असतात. एकदा शनिवारी रात्री केओटीची (किचनमध्ये येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची) रांग लागलेली, मी ओव्हनमधून पॅन काढायला हातातल्या फडक्यानेच धरणार तेवढ्यात शेजारच्या सेक्शनच्या मुलाने ते फडकं ओढून घेतलं आणि कोरडं हातात कोंबलं. माझं फडकं ओलं होतं. ओल्या फडक्याने गरम पॅन धरला की पाण्याची वाफ होते आणि तळहात जबर भाजतो, हे वर्गात शिकले होते पण घाईत विसरले. तो काही बोलला नाही, परत आपल्या कढईकडे वळला. शिफ्ट संपल्यावर मी थँक्यू म्हणायला गेले तर म्हणाला, 'उद्यापासून दोन फडकी ठेव, कोरडं डाव्या खांद्यावर.' आमच्या लग्नाला यंदा नऊ वर्षं होतील. मी अजूनही घरी डाव्या खांद्यावरच ठेवते.

दर्यावर्दी

मी मूळचा गोव्याचा, जहाजावर गॅलीत, म्हणजे तिथल्या किचनमध्ये, कुक आहे, म्हणजे नऊ महिने दर्यावर आणि मग घरी. केबिनमध्ये एका जर्मन सहकाऱ्याने 'मोस्टली मार्था' दाखवला होता, 2001 चा. हॅम्बुर्गमधली शेफ, कामात पक्की आणि माणसांत अवघडलेली. बहीण अपघातात जाते आणि आठ वर्षांची भाची हिच्याकडे येते, ती पोर जेवतच नाही. मग किचनमध्ये मारिओ नावाचा इटालियन शेफ येतो. तो पोरीला जेव म्हणत नाही. स्वतः स्पॅगेटी खात तिच्याजवळ बसतो, मग ताटली तिच्या हातात देऊन कामाला निघून जातो आणि ती आपोआप खायला लागते. पुढे हॉलिवूडने 'नो रिझर्वेशन्स' म्हणून नव्याने केला, तो पण बघितला, पण माझं मन पहिल्यातच अडकलंय.

त्यात मार्था डोकं फिरलं की कोल्ड रूममध्ये जाऊन उभी राहते. ते बघून मी गप्पच झालो कारण मी तेच करायचो. पोरगी झाली तेव्हा मी समुद्रात होतो, फोटो चार दिवसांनी मिळाला. लंच सर्व्हिस चालू, बाराशे ताटं जायची होती, मी कोबीच्या पेट्यांच्या मागे जाऊन दोन मिनिटं फोटो बघितला, डोळे पुसले आणि बाहेर आलो. आमच्या चीफ कुकने मला काही विचारलं नाही, फक्त माझ्या स्टेशनवरचा कांदा त्याने कापून ठेवलेला होता.

नागपूरकर

हॉटेलातला नाही पण मल्याळम 'सॉल्ट अँड पेपर' बघाच. 2011 चा. डोशाच्या ऑर्डरचा फोन राँग नंबरला लागतो आणि दोन खवय्ये भांडता भांडता जवळ येतात. फोनवर एकमेकांना सांगत एकच केक दोन घरांत करतात! मी इथे आणि बायको बेंगळुरूला होती तेव्हा आम्ही फोन स्पीकरवर ठेवून एकाच वेळी वरणाला फोडणी द्यायचो. तिची मोहरी आधी तडतडायची, मला ऐकू यायचं.

एक आजोबा

'द हंड्रेड फूट जर्नी' बघा, 2014. मुंबईचं कुटुंब फ्रान्सच्या खेड्यात नावाजलेल्या फ्रेंच हॉटेलच्या बरोबर समोर आपलं हॉटेल टाकतं, मधे फक्त रस्ता. तरुण जोडी आहेच, पण मला ओम पुरी आणि हेलन मिरेन भावले. त्या वयात नव्याने कुणाशी भांडावंसं वाटणं ही मोठी गोष्ट आहे. पत्नी गेल्यापासून माझ्याशी भाजीतल्या मिठावरून भांडायला कोणी नाही.

धागाकर्ती

आजोबा, तुमचं वाचून मी उठून आत गेले आणि सासूबाईंना 'चीनी कम' लावून दिला. एरवी त्या सिनेमाला पाच मिनिटंही बसत नाहीत. पुलाव परत आला तशा म्हणाल्या, 'चाखल्याशिवाय पाठवलाच कसा?' आणि मग जे बोलल्या ते मला लग्नानंतर इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. शेवटची दोन वर्षं सासऱ्यांना औषधांमुळे चव कळत नव्हती. मेंबरांना काय, आम्हालासुद्धा पत्ता नव्हता. रोज सकाळी ते आमटीचं पातेलं उतरवायचे, पळीभर वाटीत घेऊन सासूबाईंपुढे धरायचे, त्या एक, दोन अशी बोटं दाखवायच्या आणि ते तेवढे चमचे मीठ टाकायचे.