प्रतिसाद: बीओडी कमी आला म्हणून पाणी चांगलं?

दादा, वर तुम्ही विचारलंय की प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवायच्या) पाण्याचा सीओडी (रसायनाने घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) एवढा दांडगा आणि बीओडी (जंतूंना घाण खाताना लागणारा ऑक्सिजन) जवळपास काहीच नाही, मग नाल्याला सोडायला हरकत काय, तर थांबा की जरा. क्रोम, निकेल असलं की बीओडी चाचणीच्या बाटलीतले बॅक्टेरियाच मरतात, मग ऑक्सिजन खाणार कोण? तोच नमुना १, २, ५ टक्के असा पातळ करून लावून बघा, जास्त पातळ केलेल्यात हिशेबाने बीओडी जास्त यायला लागला तर पाणी विषारी आहे समजा. आपल्याकडं बाटली २७ अंशाला ३ दिवस ठेवतात, शेवटी डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) लिटरला किमान १ मिलिग्रॅम उरला आणि किमान २ खर्च झाला तरच त्या बाटलीचा आकडा धरायचा. साखर कारखान्याच्या पाण्याचं उलटं, तिथं कमी पातळ केलं तर डीओ मधेच शून्य. आणि सीड, म्हणजे बाहेरून घालायचे जिवंत जंतू, घातलंय का? उद्यमबागेतल्या (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या) असल्या पाण्यात जंतू कुठले असणार! सीड म्हणून घरगुती सांडपाण्याचं वरचं निवळ चालतंय, फक्त त्याचा स्वतःचा बीओडी वजा करायचा. ग्लुकोज-ग्लुटॅमिक ॲसिडची चेक बाटली (बीओडी आधीच माहीत असलेलं द्रावण, चाचणी बरोबर चाललीय का बघायला) तुमचे लॅबवाले लावायलेत का, ते आधी विचारा.