लंडनमधला कोंबडा

चित्र काढताना हात अडला की कोणतं पुस्तक उघडता, असं विचारलं की बहुतेक चित्रकार शरीररचना आणि पर्स्पेक्टिव्ह (कागदावर जवळ-दूरचा भास आणणं) शिकवणारी पुस्तकं सुचवतात. तीही लागतातच. माझ्या टेबलावर मात्र कायम असतं ते भज्जू श्याम यांचं 'द लंडन जंगल बुक' (चेन्नईचं तारा बुक्स, 2004).

मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे हे गोंड चित्रकार लंडनला गेले ते एका भारतीय रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला. परतल्यावर पाहिलेलं शहर त्यांनी आपल्या चित्रभाषेत काढलं. गोंड चित्रांत वेळ सांगतो तो कोंबडा, म्हणून बिग बेन कोंबड्यात मिसळून गेलं. नेमानं सोबत करणारी 30 नंबरची बस इमानी कुत्रा झाली, जमिनीखालची रेल्वे झाली गांडूळ. संध्याकाळी पबकडे निघणारे इंग्रज? वटवाघळं!

हे पाहिलं आणि माझी सवय बदलली. पूर्वी एसटी काढायची म्हटलं की आधी फोटो शोधायचे. आता आधी विचारते, ही गाडी वागते कशी? घाटात धापा टाकणारी म्हैस एकदा कागदावर उतरली, की खिडक्या-चाकं आपोआप जागेवर बसतात.

भज्जू श्याम यांचंच, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांसोबतचं 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' मिळालं तर हातात घेऊनच बघा. काळ्या कागदावर हातानं केलेली सिल्कस्क्रीन (ताणलेल्या जाळीतून शाई उतरवण्याची) छपाई आहे. त्या शाईचा थर बोटांना जाणवतो, पीडीएफमध्ये तो हरवतो.